तिसऱ्या महिन्याचं पान

१

फाईल जागेवर होती. फीत बांधलेली होती. आत पहिल्या महिन्याचं पान होतं, सहाव्या महिन्याचं होतं, कुणी कधी न वाचलेले आहाराचे तक्तेसुद्धा होते. तिसऱ्या महिन्याचं पान तेवढं नव्हतं.

हॉस्पिटलात कागद हरवणं ही काही बातमी नव्हे. पण हा कागद हरवला आणि सकाळी साडेनऊ वाजता सिस्टरच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली गेली. बावीस वर्षं ती पिशवी उजव्या खांद्यावर होती. रेकॉर्डरूमची किल्ली, थर्मामीटर, कात्री, चिकटपट्टी, अडीनडीला लागेल ते सगळं तिच्यात. पिशवी गेली तशी सिस्टरला एका बाजूने उघडं पडल्यासारखं वाटलं.

प्रकरण असं होतं. पोहायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आठ महिन्यांपूर्वी आजारामुळे त्यांचे दोन्ही स्तन काढावे लागले आणि त्याच वेळी थोरल्या डॉक्टरांनी कातडीखाली सिलिकॉनचे दोन इम्प्लांट बसवले. आता दोन्ही बाजू एका रेषेत राहिल्या नव्हत्या. डावी चांगली दोन बोटं खाली दिसत होती. बाईंनी सरळ विचारलं, हे कुणामुळे झालं? थोरल्या डॉक्टरांचं उत्तर तयार होतं.

"डावी घसरली आहे. ऑपरेशननंतर छातीच्या वरच्या बाजूला बांधायचा पट्टा सिस्टरनी आवळून बांधला आणि काढायचा दिवस विसरल्या. त्या दाबाने खाली गेली. उद्या सकाळी दोन टाके घालून डावी वर घेतो, म्हणजे उजवीशी जुळेल."

"सर, पट्टा एकविसाव्या दिवशी काढला," सिस्टर म्हणाली. "तिसऱ्या महिन्याच्या पानावर आधीच्या नोंदी उतरवतात, तिथे कोपऱ्यात माझी सही आहे. मापं आहेत, फोटो आहेत."

फाईल उघडली. पान नव्हतं. फोटोंची दुसरी प्रत कुठे असायचा प्रश्नच नव्हता, कारण असले फोटो कॉम्प्युटरवर ठेवायचे नाहीत हा थोरल्या डॉक्टरांचाच नियम. पहिल्या महिन्यात सूज होती म्हणून मापं घेतलेली नव्हती. सहाव्या महिन्याच्या पानावर त्यांच्याच अक्षरात एकच शब्द होता, "उत्तम".

"रेकॉर्डरूमची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. आणि दुसरी वर, तुमच्या घरी."

"माझ्या घरी चोर राहतात असं म्हणायचंय का?" थोरले डॉक्टर शांतपणे म्हणाले. त्यांचं शांत बोलणं ओरडण्यापेक्षा वाईट. "चार वाजता बाईंच्या समोर मी नर्सिंग कौन्सिलला पत्र लिहून सही करणार आहे. तोवर तुम्ही मापाच्या खोलीत बसायचं. वॉर्ड नाही, फोन नाही."

पत्र गेलं की रजिस्ट्रेशन जाणार, हे सिस्टरला कळत होतं. बावीस वर्षांचं नाव एका कागदावरून पुसलं जाणार होतं, आणि ते वाचवू शकेल असा एकच कागद होता. तोच गायब होता.

२

मापाची खोली म्हणजे नावाला खोली. एक उंच आरसा, एक स्टूल, एक लोखंडी कपाट. बायका इथे कपडे उतरवतात म्हणून खिडकीच्या काचांना पांढरा रंग फासलेला आणि झडपा स्क्रूने कायमच्या बंद केलेल्या. पलीकडच्या भिंतीला उपकरणं उकळायचं यंत्र, त्यामुळे भिंत हाताला गरम लागायची. दाराबाहेर वॉचमन बसवला होता. तो बिचारा दर पंधरा मिनिटांनी दार किलकिलं करून "पाणी हवंय का सिस्टर?" विचारायचा आणि उत्तर येण्याआधीच शरमून दार लावायचा.

सिस्टर आरशाकडे पाठ करून, कपाटाला टेकून खाली बसली. सकाळी नऊला, हे सगळं सुरू व्हायच्या आधी, तिने पोहणाऱ्या बाईंची उद्याची तयारी केली होती. टाक्यांच्या जुन्या खुणा पुसून घेतल्या होत्या. डाव्या बाजूची टाक्यांची रेघ दिसेना, तेव्हा दोन बोटांनी स्तन वर उचलून घडीतून पुसावी लागली. उजवीकडे उचलावं लागलंच नाही. तिथे रेघ खाली फासळीवर उघडीच होती. हात सवयीने पुसत गेले. डोक्यात मात्र त्यातलं काही शिरलं नाही.

साडेदहाला दार पूर्ण उघडलं आणि तोंडात चार टाचण्या धरलेली एक बाई आत आली. तिने सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरने तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी एकदमच दुसरीकडे पाहिलं.

ही सिस्टरची नणंद. आठवड्यातून एकदा इथे येऊन ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी आधाराच्या बंड्या शिवून द्यायची. सिस्टरनेच तिला हे काम मिळवून दिलं होतं, आणि गेली दोन वर्षं दोघींत शब्द नव्हता. कारण म्हणाल तर एक कोट. नणंदेने भावजयीला कोट शिवून दिला. भावजय चारचौघांत म्हणाली, "डावी बाही लांब झाली हो." नणंद म्हणाली, "बाही बरोबर आहे, तुझा उजवा खांदा वर चढलाय." त्यावर सिस्टरला राग आला, नणंदेला तर आधीच आलेला होता. दोन वर्षं सिस्टर तोच कोट डाव्या बाहीला एक दुमड घालून वापरत होती. नणंदेला ती दुमड दिसावी एवढ्याचसाठी वापरत होती म्हटलं तरी चालेल.

नणंदेने टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या. खुंटीवरचा कोट बघितला. दुमडही बघितली.

"बाहेर वॉचमन सांगत होता," ती कपाटाशी बोलल्यासारखी बोलली. "म्हणे सिस्टरने पान चोरलं."

"मग पटलं तुम्हाला?"

"तुझ्या जिभेबद्दल कुणी काहीही सांगावं, मी ऐकून घेईन. पण तू कागद चोरणार? पोस्टमनने चुकून टाकलेलं पत्र तू शेजाऱ्याकडे तीन जिने चढून दिलंस." ती स्टूल ओढून बसली. "बोल वहिनी. पहिल्यापासून सांग. आणि रडू नकोस, मला कापड ओलं झालेलं चालत नाही."

दोन वर्षांनी "वहिनी" ऐकून सिस्टरला खरंच रडू आलं. मग तिने सगळं सांगितलं.

३

पहिले आले फायलीकाका. रेकॉर्डरूम सांभाळणारे, निवृत्तीला टेकलेले, घाबरट. पान गहाळ असल्याच्या कागदावर सिस्टरची सही घ्यायला ते फाईल छातीशी धरून आले होते.

"काका, काल फाईल शेवटची कुणी पाहिली?" नणंदेने विचारलं.

"मीच. संध्याकाळी सहाला. थोरल्या डॉक्टरांनी वर मागवली होती, बघून परत पाठवली. पान होतं तेव्हा, मी स्वतः मोजून ठेवलं. फीत बांधली, कपाटात ठेवली, किल्ली सिस्टरच्या हातात दिली." काका कासावीस झाले. "मी तसं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण खोटं कसं बोलू?"

"खोटं बोलू नका. फीत कशी बांधली?"

"कशी म्हणजे? सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटते. चाळीस वर्षं तीच बांधतोय." मग त्यांना काहीतरी आठवलं. "सकाळी मात्र सुटेना. निरगाठ बसली होती. नख मोडलं माझं. हे बघा."

काकांनी मोडलेलं नख दाखवलं. नणंदेने नखाकडे नाही, फितीकडे पाहिलं. तिथे मघाशी उसवलेल्या गाठीचा पीळ अजून होता. तिने तो बोटाने चाचपला, एक, दोन, तीन.

"सिस्टर कशी गाठ मारते हो काका?"

"सिस्टर? त्या कधी फीत बांधतात? नुसती गुंडाळून देतात. दहा वेळा सांगून झालं."

काका गेल्यावर सिस्टर म्हणाली, "गाठीचं काय घेऊन बसलात वन्सं? साडेअकरा वाजले."

"मी शिवणारी बाई आहे. मला दोरा दिसतो, तुला रोगी दिसतो. आपापलं बघावं माणसाने."

पाठोपाठ पोहणाऱ्या बाई आल्या. उद्याच्या ऑपरेशननंतर घालायच्या बंडीचं माप द्यायला त्यांना पाठवलं होतं. खांदे रुंद, चाल ताठ, पण खोलीत आल्यावर त्यांनी आधी आरशाकडे पाठ केली. सिस्टरला तिथे बघून त्या अवघडल्या.

"मी तुमच्याविरुद्ध तक्रार केलेली नाही सिस्टर," त्या म्हणाल्या. "मी फक्त विचारलं होतं. इतकं होईल असं वाटलं नव्हतं."

"दुखतं का?" सिस्टरने विचारलं. बावीस वर्षांची सवय, दुसरं काही सुचलंच नाही.

"डावीला काही नाही. उजव्या कुशीवर झोपता येत नाही. कडक लागतं, खाली चेंडू ठेवल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, उजवी उत्तम आहे, कडक म्हणजे घट्ट बसलीय." बाईंचा आवाज खाली आला. "मला आता कळतच नाही माझ्याच अंगाचं. पाण्यात उतरले की मुली बघतात असं वाटतं. पाच महिने तलावाच्या काठावर उभी राहून शिकवतेय. उद्या एकदाचं सरळ होऊ दे."

नणंदेने कपाट उघडलं. आत खाकी कागदाच्या गुंडाळ्या होत्या. प्रत्येक बाईचा साचा ती कापून ठेवायची, वर तारीख घालायची. मागच्या वेळचा साचा ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी, सूज उतरल्यावर कापलेला. तिने पोहणाऱ्या बाईंची गुंडाळी काढली, दोऱ्याला हात घातला आणि थांबली.

मग तिने गुंडाळी जशीच्या तशी परत ठेवून दिली.

"माप चारला घेऊ," ती बाईंना म्हणाली. "डॉक्टरांच्या समोरच."

बाई गेल्या. सिस्टर उसळली. "माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही माप पुढे ढकलताय? साच्यावरून कळलं असतं ना, काय होतं आणि काय झालं ते!"

"कळलं असतं. पण ती गुंडाळी मी बांधलेली नाही वहिनी. माझ्या गुंडाळीला मी पण सुरगाठच मारते." तिने आवाज खाली आणला. "तिच्यावर निरगाठ आहे. तीन फेऱ्यांची. आणि आत माझ्या साच्यापेक्षा जाड काहीतरी आहे."

सिस्टर कपाटाकडे बघत राहिली. सकाळपासून ती त्या कपाटाला टेकून बसली होती.

४

"उघडा ना मग!"

"उघडते. आणि मग? तुला पकडून ठेवलंय ती हीच खोली. पान इथेच तुझ्या पाठीमागे सापडलं, तर कुणी लपवलं म्हणतील?"

सिस्टर कपाटापासून दूर सरकली. पान हरवलेलं असताना ती संशयित होती. पान सापडलं की ती चोर ठरणार होती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. भिंतीपलीकडे यंत्राची वाफ सुटली आणि खोली आणखी गरम झाली. तिला वाटलं, आता इथे हवाच नाही.

"तीन फेऱ्यांची गाठ कोण मारतं?" नणंदेने विचारलं.

सिस्टरने डोळे पुसले. "टाके घालणारे. तीन फेऱ्या घातल्या की टाका सुटत नाही. ऑपरेशन करणाऱ्या माणसाचे हात दुसरी गाठ विसरूनच जातात."

"म्हणजे या इमारतीत दोघं."

"थोरले डॉक्टर फीत बांधत नाहीत. फाईल उघडी टाकतात, बांधायला फायलीकाका आहेत ना." हे बोलता बोलताच सिस्टरचा चेहरा उतरला. "नाही हो वन्सं. ती पोरगी तसली नाही."

ती पोरगी म्हणजे थोरल्या डॉक्टरांची सून. तीही डॉक्टर, सासऱ्यांच्या हाताखाली. खाली हॉस्पिटल, वर घर. नवरा शिकायला परदेशी. सगळे तिला पाठीमागे सूनबाई डॉक्टर म्हणायचे आणि हळहळायचे, की इतर सुना सासरहून कामावर तरी जातात, हिला जिना उतरला तरी सासरच.

नणंदेने वॉचमनला हाक मारली. "धाकट्या मॅडमना सांगा, माझ्या बोटात सुई घुसली."

सूनबाई डॉक्टर दोन मिनिटांत आली, हातात कापूस. तिने सिस्टरकडे पाहणं टाळलं. नणंदेच्या बोटावर सुईचं टोचणं खरंच होतं. यासाठी तिने ते मघाशी करून घेतलं होतं, हे सिस्टरने स्वतः पाहिलं होतं.

"जरा एवढं बांधता का हो?" नणंदेने दुसऱ्या एका गुंडाळीचा दोरा पुढे केला. "मला बोट दुमडेना."

सूनबाई डॉक्टरने दोरा घेतला. एका हाताने फेरी, दुसरी, तिसरी, चटकन खेचली. मग तिचं लक्ष दोघींच्या नजरेकडे गेलं, आणि तिथून स्वतःच्या बोटांकडे.

तिने दोरा खाली ठेवला.

"पान फाडून टाकलं असतं तर मला वाईट माणूस म्हणायचं होतं," ती म्हणाली. "मी लपवलं. फाटू नये म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. तिसऱ्या महिन्यात तपासणी तिनेच केली होती. मापं घेतली तेव्हा डावी होती तिथेच होती. उजवी कडक झाली होती आणि वर सरकायला लागली होती. तिने तसं लिहिलं, सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, थांबू या, होईल मऊ.

"शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती पातळ पापुद्रा विणतं," ती म्हणाली. "बहुतेकांचा मऊ राहतो, त्रास देत नाही. काहींचा आवळत जातो. आतलं इम्प्लांट कडक लागतं, वर चढतं. यात त्यांची चूक नव्हती. हात कितीही चांगला असो, हे होतं. चूक एवढीच की पाच महिने ते मानायलाच तयार नाहीत. काल संध्याकाळी फाईल वर मागवली. जेवणाच्या टेबलावर मला म्हणाले, तिसऱ्या महिन्याचं पान नव्याने लिही. उजवी मऊ लिही, डावी खाली आलीय असं लिही. मी म्हटलं, उद्या लिहिते. आणि सकाळी सातला, वरची किल्ली घेऊन..."

"आणि सिस्टरला पकडलं तेव्हा?" नणंदेने विचारलं.

तिने मान खाली घातली. "मला वाटलं, पानच नाही म्हटल्यावर ऑपरेशन पुढे ढकललं जाईल. सिस्टरवर येईल हे डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा तोंड उघडेना."

"चारला उघडा मग," सिस्टर म्हणाली.

"मला त्याच घरात राहायचंय सिस्टर." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही संध्याकाळी घरी जाता. मी कुठे जाऊ?"

ती कापूस तिथेच टाकून निघून गेली. सिस्टरला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. पण पत्र सिस्टरच्या नावाचं जाणार होतं, सुनेच्या नव्हे.

५

चार वाजता थोरल्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये पाच जण होते. टेबलावर टाईप केलेलं पत्र, त्यावर पेन. पोहणाऱ्या बाई खुर्चीत. सूनबाई डॉक्टर दाराशी, हात मागे बांधून. नणंदेच्या काखेत खाकी गुंडाळी, तशीच, न उघडलेली.

"काही सांगायचंय सिस्टर?" थोरल्या डॉक्टरांनी पेन उचललं.

दुपारभर गरम भिंतीला टेकून सिस्टरने सकाळचा प्रसंग शंभरदा आठवला होता. हातांनी पाहिलेलं डोक्यात शिरायला इतका वेळ लागला होता.

"सर, डावी घसरलेली नाही."

"काय?"

"घसरली असती तर टाक्यांची रेघ घडीत राहिली नसती. इम्प्लांट खाली ढकललं गेलं की रेघ वर, स्तनावर येते. समोरून दिसते. आज सकाळी मला डावी उचलून रेघ शोधावी लागली. ती होती तिथेच आहे. उजवीची रेघ न उचलता दिसली, खाली फासळीवर. म्हणजे रेघ जागेवर आहे आणि उजवी तिला सोडून वर गेली आहे."

थोरले डॉक्टर हसले. "नर्सने निदान करायला सुरुवात केली की डॉक्टरांनी घरी बसावं."

"मी तर नर्ससुद्धा नाही," नणंद म्हणाली. "मी माप घेते फक्त. घेऊ का? बाई, उभ्या राहा. ताठ. झोपवून माप घेऊ नये, झोपल्यावर सगळंच सारखं दिसतं." तिने पडद्यामागे बाईंना नेलं. टेप ओढल्याचा आवाज आला. "खांद्यावरून घेत नाही मी. खांदा खोटं बोलतो. गळ्याच्या खळीतलं हाड हलत नाही, तिथून खालच्या घडीपर्यंत. डावी, एकवीस सेंटिमीटर. उजवी, साडेसतरा."

"तेच तर मी म्हणतोय! डावी खाली आहे."

"कशाच्या खाली, ते कळायला पहिलं माप लागेल," नणंद म्हणाली. "साचा या गुंडाळीत आहे. सहाव्या आठवड्याचा."

तिने गुंडाळी टेबलावर ठेवली. तीन फेऱ्यांची गाठ सगळ्यांच्या समोर. पण तिने दोऱ्याला हात लावला नाही. सिस्टरनेही लावला नाही. ती गाठ त्यांची नव्हती.

"उघडा की," थोरले डॉक्टर म्हणाले.

"ज्याने बांधली त्याने उघडावी."

पोहणाऱ्या बाई पडद्यातून बाहेर आल्या. त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला.

"उद्या कुठली बाजू उघडणार आहात माझी?" त्यांनी विचारलं. "कुणीतरी सांगा. अंग माझं आहे."

थोरल्या डॉक्टरांनी पेन पत्रावर टेकवलं. सहीचं पहिलं अक्षर उमटलंही.

"ती गाठ माझी आहे," दाराशी आवाज आला.

सूनबाई डॉक्टर पुढे आली. तिने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित जमलं नसतं. ती वाकली आणि नखांनी स्वतःचीच गाठ उसवायला लागली. पहिली फेरी सुटली. दुसरी सुटेना. तिने दातांनी ओढली. खाकी कागद उलगडला आणि आतून तिसऱ्या महिन्याचं पान निघालं. तीन फोटो, तिच्या अक्षरातली मापं, कोपऱ्यात सिस्टरची सही. *पट्टा काढला, दिवस एकविसावा.*

"तिसऱ्या महिन्यात डावी एकवीस," ती वाचायला लागली, आणि आवाज फुटला तशी थांबून पुन्हा सुरुवात केली. "डावी एकवीस. उजवी वीस. कडक. सरांना सांगितलं."

नणंदेने साचा सपाट केला. "सहाव्या आठवड्यात डावी एकवीस, उजवी एकवीस."

आता कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. डावी पहिल्या दिवसापासून हलली नव्हती. उद्या सकाळी चांगली बाजू उघडून बिघडलेल्या बाजूशी जुळवायचा बेत होता, कारण डावीला दोन टाके पुरले असते आणि उजवी उघडणं म्हणजे पाच महिन्यांची चूक कबूल करणं होतं.

"हे तू काय केलंस, कळतंय का?" थोरले डॉक्टर सुनेला म्हणाले, अगदी शांतपणे.

"हो बाबा. पान मी घेतलं. सिस्टरचा काही संबंध नाही. तसं मी लिहूनही देते." ती पोहणाऱ्या बाईंकडे वळली. "उद्याचं ऑपरेशन करू नका. आधी दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांना दाखवा, हे पान घेऊन. उजवीचा आवळलेला पापुद्रा काढून जागा पुन्हा खाली मोकळी करावी लागेल, बहुतेक इम्प्लांट नवं बसवावं लागेल. पुन्हा आवळणारच नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पण डावीला कुणाला हात लावू देऊ नका."

पोहणाऱ्या बाईंनी तो कागद घेतला. मग टेबलावरचं पत्र उचललं, सहीच्या अर्ध्या अक्षरासकट, आणि चार तुकडे करून परत ठेवलं. "हे मी मागितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी 'कुणामुळे' एवढंच विचारलं होतं. ते कळलं."

६

बाहेर अजून उजेड होता. फायलीकाकांनी पिशवी आणून दिली, वर म्हणाले, "किल्ली आहे आत, मोजून घ्या." सिस्टरने पिशवी सवयीने उजव्या खांद्याला लावली आणि लगेच उतरवली. रेकॉर्डरूमची किल्ली जुडग्यातून काढून तिने काकांच्या हातात ठेवली. काका घाबरले, पण त्यांनी ती घेतली.

जिन्यापाशी सूनबाई डॉक्टर उभी होती. वर जायचं होतं, पाय उचलत नव्हता.

"आमच्याकडे चला," सिस्टर म्हणाली. "आज तरी. खोली लहान आहे, पण खिडकी उघडते. नवऱ्याला फोन करा, काय ते ठरवा. सकाळी मी सोबत येते सामान आणायला."

तिने जिन्याचा कठडा सोडला.

सिस्टरने मापाच्या खोलीतून आणलेला कोट घातला आणि हात आपोआप डावी बाही दुमडायला गेला. नणंद शेजारीच उभी होती, टेप गळ्यात. दोन वर्षांनी तिने पहिल्यांदा भावजयीच्या पाठीवर हात ठेवला आणि खांद्यांवरून बोट फिरवलं.

"दे इकडे," ती म्हणाली. "माझाच हट्ट नडला. डावी बाही कापून आखूड करून देते."

सिस्टरने दुमड सोडली. पिशवी डाव्या हातात घेतली.

"बाहीला हात लावू नका वन्सं," ती म्हणाली. "मी खांदा खाली आणते."